भर थंडीतला पंखा

“…आणि निनादला सांग, सोमवारची अपॉइंटमेंट रद्द कर म्हणावं. मी जाणार नाही.”

“तुम्ही सांगा. तोंड तुम्हालाही दिलंय देवानं.”

“सांगेन. घाबरतो की काय मी?”

“घाबरत नाही तर दुपारपासून मला कशाला सांगताय?”

इतकं बोलणं होईपर्यंत माझी मान पलंगाकडून खुर्चीकडे आली आणि परत पलंगाकडे निघाली. माझा जन्मच असा. एकाचं पुरतं ऐकून होत नाही तोच दुसऱ्याकडे वळायचं. लोकांना वाटतं, हा सारखा नाही-नाही म्हणतोय. मी नाही म्हणत नाही. मी दोघांचंही ऐकतो, आणि ते किती दमवणारं काम आहे हे ज्यानं नवरा-बायकोच्या मध्ये चाळीसेक वर्षं काढली त्यालाच कळेल.

मी टेबलफॅन बोलतोय. लोखंडी बूड, लोखंडी पाती, पुढे जाळी. हल्ली दुकानात उभे असतात ते पांढरे प्लास्टिकचे खांब माझे कोणी लागत नाहीत. त्यांना एक फुंकर मारली तर ते पडतील. मला हलवायचं म्हणजे कंबर सांभाळूनच हलवावं लागतं.

आज शनिवार, जुलै महिना, मेलबर्नजवळचं ट्रुगानिना. जुलै म्हणजे इथे कडाक्याची थंडी. बाहेर उघड्या माळावरचा वारा नव्या घरांच्या पत्र्यांवर आपटतोय, आणि काठीला बांधलेली कोवळी झाडं वाकून वाकून दमली आहेत. सगळ्या घरात हीटर चालू आहे. या एका खोलीतला बंद आहे, आणि मी चालू आहे, तोही पूर्ण वेगावर. पलंगावर उल्हासराव नुसत्या बनियनवर बसले आहेत, कपाळावरून घाम गळतोय. समोरच्या खुर्चीत सुचित्राबाई दोन स्वेटर, मफलर आणि पायमोजे घालून बसल्या आहेत. कोणी खिडकीतून पाहिलं तर म्हणेल, या घरातली म्हातारी माणसं बिघडली.

बिघडलेली नाहीत. उल्हासरावांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. दीड वर्ष झालं, दर तीन महिन्यांनी त्यांना हार्मोनचं इंजेक्शन देतात. देतात म्हणजे काय, त्यांच्या अंगातलं पुरुषाचं हार्मोन बंद पाडतात. त्या रोगाचं खाद्य तेच. खाद्य तोडलं की रोग उपाशी पडतो. पण एकाच ताटात दोघं जेवत असतील तर ताट ओढून घेतल्यावर दोघंही उपाशी राहतात, तसं त्यांचं झालंय. रोग निपचित पडला, रक्तातला त्याचा आकडा खाली आला, डॉक्टर खूश. आणि इकडे माणसाला दिवसातून किती वेळा अंगात भट्टी पेटल्यासारखं होतं ते कोणी मोजलेलं नाही. इंजेक्शन थांबवलं तर निजलेला रोग उठेल, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. उल्हासराव ते विसरलेले नाहीत. माहीत असूनच ते जाणार नाही म्हणतायत.

माझं सांगतो, म्हणजे यांचंही कळेल.

भुसावळचा उन्हाळा तुम्ही पाहिला असेल तर माझा जन्म कशासाठी झाला हे वेगळं सांगायला नको. उल्हासराव तिथे वीज मंडळात होते. नवं लग्न झालेलं, क्वार्टर पत्र्याची. त्यांनी मला खांद्यावर घालून आणलं, टेबलावर ठेवलं आणि स्वतः बाजूला झाले. म्हणाले, आधी तू बस. बाई माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे केस उडून उल्हासरावांच्या तोंडावर जात होते आणि ते बाजूला होत नव्हते. या माणसाला मी तेव्हापासून ओळखतो. वाईट नाही. पुढे जे सांगणार आहे ते ऐकून वाईट समजू नका.

वर्षातून एकदा, पाडव्याच्या आसपास, ते माझी जाळी काढायचे. पाती पुसायचे, मानेत शिवणयंत्राचं तेल दोन थेंब सोडायचे. हे काम त्यांनी कधी कोणाला करू दिलं नाही. विजेचं काही असलं की ते पुरुषाचं, ही त्यांची समजूत. मी आवाज करेनासा झालो की बाईंकडे बघून मान उडवायचे.

मग पुण्याला बदली झाली. कोथरूडचा फ्लॅट. निनाद कॉलेजात. आणि बाईंचं ते वय आलं.

त्या वयाला आपल्यात नावसुद्धा धड नाही. ‘पाळी जाते’ म्हणतात, जणू पाहुणी गावाला गेली. बाईंच्या बाबतीत नुसती पाळी गेली नाही. हळदीकुंकवाला बायका बसलेल्या असायच्या आणि बाईंच्या ब्लाउजची पाठ भिजून जायची. चेहरा लाल, छाती धडधडतेय, हातातली अत्तरदाणी घसरतेय. बायका म्हणायच्या, उष्णता झालीय, गुलकंद खा. कोणी सब्जा सांगितला, कोणी धणे-जिऱ्याचं पाणी. बाईंनी सगळं केलं. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, मन रमवा, भजनी मंडळाला जा. हार्मोनच्या गोळ्या असतात असं बाईंनी कुठेतरी वाचलं होतं. तसं विचारलं तर डॉक्टर हसून म्हणाले, कशाला त्या भानगडीत पडता, कॅन्सरबिन्सर व्हायचा. कोणाला चालतात, कोणाला नाही, धोका किती, फायदा किती, हे त्या माणसानं दोन मिनिटं बसून सांगितलं असतं तर बाईंना कळलं असतं. सातवी शिकलेली बाई वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, तिला कळलं नसतं? पण बायकांना समजावून सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यांना गप्प करायची आहे.

बाई मला आपल्या बाजूला लावून झोपायच्या. उल्हासरावांना गार वारा लागायचा. हाडं गारठतात म्हणायचे आणि उठून मला बंद करायचे. बाई काही वेळानं सुरू करायच्या. ते पुन्हा बंद करायचे. भांडण नाही, बोलणं नाही, नुसतं बटण. मग एके दिवशी बाईंनी मला उचलून स्वयंपाकघरात नेलं. शहाबादी फरशीवर चटई टाकली. त्यानंतर कितीतरी वर्षं आमचा मुक्काम तिथेच. उल्हासरावांनी एकदाही विचारलं नाही की तू तिकडे का झोपतेस. त्यांना वाटलं, तिला फरशी आवडते.

मी थकलो तो तेव्हापासून. वारा देऊन कोणी थकत नाही. ज्याला वारा देतोय त्याचं कोणाला काही पडलेलं नाही, हे बघून थकतो.

निनाद इथे आला, घर घेतलं, आईवडिलांना कायमचं बोलावलं. सामान बांधताना फोनवर म्हणाला, आई, पंखा कशाला, इथे घराला कूलिंग आहे. बाई म्हणाल्या, मग त्याच्या वजनाचं दुसरं काहीतरी कमी कर, तो येणार. दात घासायच्या ब्रशनं माझी जाळी घासली, कारण धूळमाती दिसली तर विमानतळावर अडवतात असं कोणीतरी सांगितलं होतं. सतरंजीत गुंडाळून मी समुद्र ओलांडला.

इथे माझा प्लग बसेना. उल्हासराव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले तर निनादनं तो हातातून काढून घेतला. इथे प्लगसुद्धा आपला आपण बदलायचा नसतो म्हणे, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन लागतो. जन्मभर वीज मंडळात काढलेला माणूस. अर्धा तालुका यांनी उजेडात आणला, आणि एका कोवळ्या पोरानं येऊन, “नो वरीज, मेट,” म्हणत माझा प्लग बदलला. उल्हासराव गॅरेजच्या दारात उभे राहून बघत होते. त्यांचं पहिलं इंजेक्शन माझ्या मते ते होतं.

त्यानंतर मी गॅरेजमध्येच राहिलो, गवत कापायच्या यंत्राशेजारी, गणपतीच्या मखराखाली. नात ईशानी कधी यायची, माझ्यासमोर तोंड आणून ‘आऽऽ’ करायची, आपला आवाज कापलेला ऐकून हसायची. पोरं जगभर हे करतात. मग ती हायस्कुलात गेली आणि यायची बंद झाली. मी जाळीवर कोळ्याला घर करू दिलं.

गेल्या जुलैत गॅरेजचं दार उघडलं आणि उल्हासराव आत आले. एवढ्या थंडीत शर्टाची बटणं उघडी. त्यांनी मला उचललं. भुसावळला ज्यांनी मला खांद्यावर आणलं होतं त्यांनी गॅरेजपासून खोलीपर्यंत मला दोनदा खाली टेकवलं. हातातली ताकद कुठे गेली ते मला कळेना. पुढे कळलं.

कारण माणसं पंख्यासमोर काही लपवत नाहीत. उल्हासराव आरशापुढे उभे राहतात, इंजेक्शननं वाढू लागलेल्या छातीला हात लावून बघतात आणि बनियनवर दुसरं बनियन चढवतात. बाहेर पार्कात आपल्या लोकांचा रमीचा अड्डा जमतो, तिथे जायचं त्यांनी सोडलं. शैलेंद्र म्हणून त्यांचा मित्र दोनदा दारात येऊन गेला. यांनी आतूनच सांगितलं, पाय दुखतोय. पाय ठणठणीत आहेत. परवा टीव्हीवर स्वयंपाकाच्या स्पर्धेतून कोणी मुलगी बाहेर पडली तर यांच्या डोळ्यांतून पाणी. ईशानी आजीला हाका मारत आली, “आजी, आजोबा इज क्राइंग ओव्हर अ पावलोव्हा.” पावलोव्हा म्हणजे इथला अंड्याच्या फेसाचा केक. सगळे हसले. उल्हासरावही हसले आणि खोलीत येऊन माझ्यासमोर बसून राहिले, बटण दाबायचंही विसरून.

आणि सब्जा! तोच सब्जा, तोच गुलकंद, तेच धणे-जिऱ्याचं पाणी. उष्णता झालीय म्हणून इंडियन दुकानातून स्वतः आणतात. बाई रोज भिजवून देतात. एक अक्षर बोलत नाहीत. मला वाटायचं, या कशा बोलत नाहीत.

आज बोलल्या.

जेवण झालं, निनाद ईशानीला नेटबॉलच्या सामन्याला घेऊन गेला, सूनबाई चिन्मयी कामावर. घर रिकामं झाल्याबरोबर उल्हासरावांनी जाहीर केलं की आता इंजेक्शन बस. तिथून सुरुवात झाली, ती तुम्ही ऐकलीत.

बाईंनी मफलर सोडला आणि विचारलं, “हा घाम, हे रडू, डॉक्टरांना सांगितलंत का?”

उल्हासराव माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझ्यातून पलीकडे.

“विचारतात त्या,” ते म्हणाले.

“मग?”

“निनाद असतो ना तिथे. तो त्यांचं मराठीत करून सांगतो.”

“मग?”

उल्हासरावांनी खाली बघत सांगितलं. डॉक्टर तरुण बाई आहे, निनादपेक्षा लहान. गेल्या खेपेला तिनं सरळ विचारलं होतं, नवरा-बायको म्हणून तुमचं कसं चाललंय, त्या बाबतीत काही त्रास, काही बोलायचंय का. निनादचे कान लाल झाले. घसा खाकरून तो म्हणाला, बाबा, त्या विचारतायत झोप कशी लागते.

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“झोप छान लागते म्हटलं. नो वरीज.”

“तुम्हाला कळलं नव्हतं ती काय विचारतेय ते?”

“कळलं होतं. इंग्रजी कळतं मला. मला कळलंय हे त्यालाही कळलं. मग दोघं भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत बसलो.”

बाई हसल्या. न राहवून, तोंडावर मफलर धरून. उल्हासरावांच्याही ओठांचा कोपरा हलला, क्षणभरच.

असा हा सगळा घोळ. बाप मुलासमोर बोलणार नाही, मुलगा बापाला विचारणार नाही, आणि मध्ये बसलेली डॉक्टर बिचारी लिहून घेते की पेशंट आनंदात आहे. घामावर उपाय असेल, मनावर उपाय असेल, इंजेक्शनला थोडी विश्रांती देता येत असेल. नसेलही. पण विचारल्याशिवाय कोण सांगणार? दवाखान्यात दुभाषी मिळतो, फोनवरसुद्धा मिळतो, रिसेप्शनवरच्या मुलीनं दोनदा विचारलं होतं. निनाद म्हणाला, मी आहे ना. आणि उल्हासरावांना वेगळीच भीती. दुभाषी म्हणून इथल्या मराठी मंडळातलीच कोणी निघाली तर? गणपतीत अथर्वशीर्षाला शेजारी बसणारी बाई फोनवर असायची आणि आपण तिला हे सांगायचं?

“मग मी येते आत,” बाई म्हणाल्या.

“तू आत येऊन काय करणार? हे बायकांचं नाही.”

बाई दर खेपेला बाहेर बसतात, सगळ्यांचे कोट मांडीवर घेऊन. इथल्या लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला त्या आल्यापासून जातात. चिनी, सुदानी, व्हिएतनामी बायकांत बसून त्यांनी मोडकं का होईना, स्वतःचं इंग्रजी उभं केलंय. बसवाल्याशी भांडून झालंय त्यात. पण नवऱ्याच्या डॉक्टरच्या दारापर्यंत ते कधी चालायचं नाही.

उल्हासरावांना पुन्हा घाम फुटला. त्यांनी बनियनची किनार धरून तोंड पुसलं, आणि मग जे आजवर म्हटलं नव्हतं ते म्हणाले.

“मी कोणी राहिलो नाही, सुचित्रा. हातात जोर नाही. अंग बाईसारखं होत चाललंय. बाईसारखा घाम, बाईसारखं रडू. असं दहा वर्षं जगण्यापेक्षा दोन वर्षं पुरुषासारखा जगेन आणि जाईन. तू सुटशील, मीही सुटेन.”

माझी मान तेव्हा बाईंच्या बाजूला होती, म्हणून मी त्यांचा चेहरा बघितला. राग असेल असं मला वाटलं होतं. राग नव्हता. खूप जुनं ओझं वाहून आणलेल्या माणसाला कोणी विचारावं, अहो, या पिशवीत काय आहे, आणि त्यानं पहिल्यांदा पिशवी खाली ठेवावी, तसा तो चेहरा होता.

त्या उठल्या. मागे येऊन त्यांनी माझ्या मानेवरची खुंटी वर ओढली. माझी मान फिरायची थांबली. माझं तोंड त्यांनी हातानं वळवून उल्हासरावांकडे पक्कं केलं. सगळा वारा त्यांना. स्वतः वाऱ्याबाहेर, थंडीत उभ्या राहिल्या.

“बाईसारखं म्हणजे कसं?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “सांगा ना. तुम्हाला दीड वर्षात जे कळलं ते मला स्वयंपाकघराच्या फरशीवर कळलंय. तेव्हा मी बाई राहिले की नाही, हे तुम्ही विचारलंत कधी?”

उल्हासरावांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी माझ्यातून पलीकडे नाही, माझ्याकडेच. कोथरूडचं ते बटण त्यांना आठवलं असावं. निदान मला तसं वाटलं.

आता माझी मान एकाच दिशेला आहे, म्हणून बाई मला दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. तेवढ्यात माझं म्हणणं सांगून घेतो, कारण पुढे मला बोलायची हौस उरलेली नाही. माझ्या मानेतलं तेल सुकलंय. पाती एका बाजूनं झिजलीत. पुन्हा गॅरेजमध्ये ठेवलंत तर तक्रार नाही, मखर ओळखीचं आहे. एवढंच मागतो की तुमच्या घरात कोणी भर थंडीत पंखा लावून बसलं असेल तर उठून बटण बंद करू नका. गुलकंदही पुढे करू नका. जवळ बसा आणि विचारा. बाई असली तरी विचारा, बुवा असला तरी विचारा. शरीरातलं काही आटलं म्हणून माणूस आटत नाही. मी एवढी वर्षं दोघांकडे मान वळवून बघितलंय, मला विचारा.

बाहेर निनादच्या गाडीचा आवाज आला. गॅरेजचं दार वर जाऊ लागलं. उल्हासराव सवयीनं डोळे पुसून शर्ट शोधायला लागले. बाईंनी खुर्चीवरचा शर्ट उचलला, पण दिला नाही, हातात धरून ठेवला आणि म्हणाल्या, “माझ्या वेळी कोणी विचारलं नाही म्हणून मी सोसलं, आणि तुम्हाला विचारतायत तर तुम्ही सांगत नाही आणि मरायला निघालात; सोमवारी आत मी येणार, निनाद गाडीत बसेल.”